दुर्बिणीला घोडा नसतो

'परवडणारी' आणि 'उत्तम' ही दोन विशेषणं एकाच वस्तूच्या घरात गुण्यागोविंदानं नांदताना मी तरी फारशी पाहिलेली नाहीत. जे परवडतं ते उत्तम नसतं, आणि जे उत्तम असतं त्याची किंमत विचारली की दुकानदार उत्तर देण्याआधी आपल्या पायांतल्या चपलांकडे बघतो. तरीसुद्धा मध्यमवर्गीय माणूस जन्मभर या दोघांचं लग्न जुळवण्याच्या खटपटीत असतो. ब्लॉक घ्यायचा तो परवडणारा आणि उत्तम. मुलाला क्लास लावायचा तो परवडणारा आणि उत्तम. दातांची कवळी बसवायची, तीही परवडणारी आणि उत्तम. या खटपटीला आमच्याकडे 'चौकशी' म्हणतात. चौकशीत जो निर्मळ आनंद आहे तो खरेदीत नाही, कारण चौकशीला पैसे पडत नाहीत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या नात्यात कुणालाही काहीही घ्यायचं असलं, तरी चौकशीचं खातं माझ्याकडे असतं. मिक्सरपासून मंगल कार्यालयापर्यंत सगळ्याची चौकशी मी केलेली आहे. पण हरणांच्या पारधीसाठी परवडणारी आणि उत्तम दुर्बीण निवडून देण्याची कामगिरी माझ्यावर येईल, असं माझ्या पत्रिकेतसुद्धा लिहिलेलं नसेल.

ती आली जावयामार्फत. आमची कन्या आणि जावई स्कॉटलंडमध्ये, अगदी उत्तरेला, इन्व्हरनेसपासून तासाभराच्या अंतरावर एका खेड्यात राहतात. नातवाच्या आगमनानिमित्त आम्ही उभयतां काही महिने तिकडे होतो. त्याच्या आधी, नव्या घरात राहायला गेल्या गेल्या, मुलीचा फोन आला होता : "आई, आमच्या शेजारी एक स्टॉकर राहतो. फार चांगला माणूस आहे." आपल्या वर्तमानपत्रांनी या शब्दाची आपल्याला जी ओळख करून दिलेली आहे, ती पाहता आमची ही त्या रात्री झोपली नाही. मलाही झोपू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. तिकडे डोंगराळ जमिनींच्या मोठमोठ्या मालकांकडे हरणांची व्यवस्था बघायला माणूस नेमलेला असतो, त्याला स्टॉकर म्हणतात. 'व्यवस्था' या शब्दात मोजणं, राखणं आणि मारणं अशी तिन्ही खाती येतात. शेजारच्या गृहस्थांनी हे काम चाळीस वर्षं केलेलं. आम्ही त्यांना आपापसात 'स्टॉकरकाका' म्हणू लागलो. एकदा 'काका' म्हटलं की महाराष्ट्रीय माणसाची भीती निम्मी कमी होते.

या काकांनी जावयांना आमंत्रण दिलं : एकदा डोंगरावर चला. बंदूक काकांची, परवाना काकांचा, जावयांनी फक्त मागून यायचं आणि बघायचं. अट एकच, दुर्बीण स्वतःची हवी. दुसऱ्याची दुर्बीण मागणं हे दुसऱ्याचा चष्मा मागण्यासारखं आहे, असं त्यांचं मत. 'मागून यायचं' हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. तिकडच्या पारधीत हरणाला वास लागू नये म्हणून वारा तोंडावर घेऊन चालायचं, आणि हरीण टप्प्यात यायच्या आधी शेवटचा भाग ओल्या गवतातून, पाणथळीतून पोटावर सरपटत काटायचा. पुढच्या माणसाच्या बुटांचे तळवे एवढाच निसर्ग आपल्याला दिसतो. आपल्याकडे भिशीचे हप्ते थकवलेला माणूस ज्या कौशल्यानं गल्लीतून जातो, त्याच कौशल्याचा हा डोंगरी प्रकार.

"बाबा, दुर्बीण कुठली घेऊ? परवडणारी हवी, पण चांगली," जावई म्हणाले.

मी 'चौकशी करतो' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही बाहेर आली. हातात डिंकाच्या लाडवांचं पातेलं. "अहो, हरणं मारायला दुर्बीण? आणि ती तुम्ही निवडून देणार? घरात बारा दिवसांचं बाळ आहे!"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या घरात ढेकूण मारण्यावरूनही दोन पक्ष पडत आलेले आहेत. शिवाय हरीण हे काही साधंसुधं जनावर नव्हे. शाकुंतलापासून ते लग्नपत्रिकेवरच्या चित्रापर्यंत त्यानं आपल्या मनात घर केलेलं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचं दार बंद केलं आणि मराठी माणसाला ते कधी खटकलं नाही, कारण तो मुळात त्या दारानं फारसा जात नव्हता.

जावयांनी शांतपणे दुसरी बाजू मांडली. तिकडचं तांबडं हरीण म्हणजे आपल्या सांबराचा चुलतभाऊच. त्याला खाणारा लांडगा त्या देशातून दोनतीनशे वर्षांपूर्वीच संपला. लिंक्स नावाचं मोठं रानमांजर त्याच्याही कितीतरी आधी गेलं. तेव्हापासून हरणांना शत्रू उरला नाही. आज सगळ्या जाती मिळून स्कॉटलंडमध्ये हरणं दहा लाखांच्या घरात आहेत असा सरकारी अंदाज आहे, आणि माणसं आहेत साधारण पंचावन्न लाख. हरणं झाडांची कोवळी रोपं खातात. त्यामुळे म्हाताऱ्या झाडांच्या जागी नवी झाडं येत नाहीत, आणि कडक हिवाळ्यात डोंगरावर खायला पुरत नाही म्हणून हरणं उपाशी मरतात. पूर्वी नरांना मारायला १ जुलै ते २० ऑक्टोबर एवढाच हंगाम होता. २०२३ साली सरकारनं नरांसाठी असलेला बंदीचा काळच उठवला. माद्यांचा हंगाम मात्र २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी असा बांधलेला आहे. म्हणजे आपल्याकडे हरीण मारलं तर सरकार विचारणार 'का मारलंत?' आणि तिकडे मारलं नाही तर सरकार जमीनमालकाला विचारू शकतं 'का नाही मारलंत?'

पाप हे अक्षांश-रेखांशावर अवलंबून असतं की काय, अशी मला शंका आली. हिला ती आली नाही. "लांडगे त्यांनी मारले, आणि शिक्षा हरणांना," एवढं म्हणून ती लाडू वळायला बसली. या वाक्यावर मी अजून विचार करतो आहे.

पण चौकशी हे व्यसन आहे. काका जायचे ते जाणारच होते, मग जावयांना नीट दिसावं यात कुणाचं नुकसान, असं म्हणून मी कामाला लागलो.

पहिला धडा आकड्यांचा. दुर्बिणीवर ८×४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. यातला आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसणार, आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आता आपला स्वभाव असा की, आठ आणि बारा एकाच भावात मिळत असतील तर बारा घ्यावेत. केळ्यांच्या बाबतीत हे बरोबर आहे. दुर्बिणीच्या बाबतीत नाही. कारण दुर्बीण हरणाबरोबर आपल्या हाताची थरथरही तितक्याच पटीनं वाढवते. डोंगर चढून धापा टाकणाऱ्या माणसानं बारापटीची दुर्बीण डोळ्याला लावली की हरीण दिसत नाही, आपलं हृदय कसं उडतं आहे ते दिसतं. शिवाय पट वाढली की दिसणारा पट्टा अरुंद होतो. आठपटीच्या चांगल्या दुर्बिणीतून हजार मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. दहापटीला तो वीसएक मीटरनं आकसतो. जास्त जवळचं बघायला गेलं की कमी दिसतं, हा नियम भाऊबंदकीलाही लागू आहे.

दुसरा धडा भागाकाराचा. बेचाळीसला आठानं भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटर जाडीचा उजेडाचा झोत दुर्बिणीतून आपल्या डोळ्यात शिरतो. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीनंतर ती पाचाच्या आसपास येऊन थांबते. म्हणजे संध्याकाळी जास्त दिसावं म्हणून कुणी ८×५६ चं किलोभर वजनाचं धूड गळ्यात अडकवलं आणि त्याचं वय माझ्याएवढं असलं, तर दुर्बीण ओतते आहे सात आणि डोळ्याच्या तांब्यात मावताहेत पाच. उरलेल्या दोनांचे पैसे दुकानदाराला आणि वजन आपल्या मानेला.

तिसरा धडा काचेचा. दुर्बिणीच्या पोटात भिंगं आणि लोलक मिळून काचेचे दहाबारा पृष्ठभाग सहज असतात. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चारएक टक्के उजेड परत फिरतो. म्हणजे दहा टेबलांवरून जाताना एक तृतीयांश उजेड वाटेतच गळतो. सरकारी अनुदानाचा अनुभव असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९३५ साली जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला नावाच्या शास्त्रज्ञानं काचेवर पातळ लेप देऊन ही गळती थांबवण्याची युक्ती काढली. आज चांगल्या दुर्बिणीत सगळ्या पृष्ठभागांवर असे अनेक लेप असतात आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास उजेड डोळ्यापर्यंत पोचतो. अनुदानावर द्यायचा लेप अजून निघालेला नाही.

बाकीच्या अटी किरकोळ, पण सोडण्यासारख्या नाहीत. स्कॉटलंडचा पाऊस हा कोकणातल्या पावसासारखा कोसळत नाही, तो सासरच्या माणसांसारखा सतत बोलत राहतो. म्हणून दुर्बीण पाणी न शिरणारी आणि आत नायट्रोजन वायू भरलेली हवी, नाहीतर काचेला आतून वाफ धरते आणि ती पुसायला बोट जात नाही. चष्मा असेल तर डोळा आणि काच यांत पंधराएक मिलिमीटर अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसायला हवं. जुनी दुर्बीण स्वस्तात मिळते आणि कधी कधी फार चांगली मिळते, पण तिच्या दोन नळ्यांचं एकमेकींशी पटत असेल तरच. तसं पटत नसेल तर एका हरणाची दोन दिसतात आणि अर्ध्या तासानं डोकं दुखायला लागतं. आणि हो, आपले दोन डोळे कधीच सारखे नसतात. म्हणून आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्याचं जुळवायचं, मग डावा मिटून उजवीकडच्या कड्यानं उजव्याचं. हा विधी जावई करीत असताना समोरच्या बाईंनी बघितलं आणि त्या दोन दिवस आमच्याकडे बघून हसत नव्हत्या.

आता किंमत. तीस पौंडांची दुर्बीण मिळते, तिनं मूल रमतं. दोनअडीचशे पौंडांना अशी मिळते की पहिल्यांदा डोळ्याला लावल्यावर माणूस "अरे!" म्हणतो. आणि जर्मनी-ऑस्ट्रियाच्या नामांकित दुर्बिणी दोन हजार पौंडांच्या वरही जातात. त्या लावल्यावर माणूस काहीच म्हणत नाही. तीसवरून अडीचशेवर गेलं की फरक दिवस-रात्रीचा. अडीचशेवरून दोन हजारांच्या पुढे गेलं की फरक चित्राच्या कडांचा, आणि संध्याकाळच्या शेवटच्या दहा मिनिटांचा. दुपारी बारा वाजता दोघींत हरणाला स्वतःलाही फरक सांगता येणार नाही. संध्याकाळी, डोंगराचा रंग आणि हरणाचा रंग एक व्हायला लागला की त्या दहा मिनिटांत महागडीतून कान दिसतो आणि परवडणारीतून नुसताच एक ठिपका दिसतो.

ही दहा मिनिटं विकत घ्यावीत की नाही, हा प्रश्न घेऊन मी स्टॉकरकाकांकडे गेलो. त्यांच्याकडचा सल्ला असा होता : पैसे बंदुकीवर कमी खर्च करा, दुर्बिणीवर जास्त. बंदुकीचं काम एका क्षणाचं, दुर्बिणीचं दिवसभराचं. तिकडच्या धंद्यातला हा जुनाच सल्ला आहे. पण त्यांनी पुढे जे सांगितलं त्यानं माझी झोप उडाली. मी भाबडेपणानं विचारलं होतं, "बंदुकीवर एक दुर्बीण बसवलेली असतेच की. मग ही दुसरी कशाला?"

काका एकदम गंभीर झाले. म्हणाले, बंदुकीवरच्या दुर्बिणीतून कधीही 'बघायचं' नसतं. तिच्यातून तुम्ही ज्याच्याकडे बघता त्याच्यावर तुमची नळी रोखलेली असते. पलीकडे हरीण आहे, मेंढी आहे की डोंगर चढणारा कुणाचा मुलगा आहे, हे बघायला तिचा उपयोग करणाऱ्याला ते डोंगरावर पुन्हा नेत नाहीत. आधी साध्या दुर्बिणीनं बघायचं, ओळखायचं, ठरवायचं. आणि मगच, ठरलं तरच, बंदुकीकडे हात.

म्हणजे दुर्बिणीचा सगळ्यात मोठा गुण कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो. तो हा, की तिला घोडा नसतो. (रेसकोर्सवर असतो, पण तो दुसरा.)

घरी येताना आपली पुराणं मला नव्यानं दिसायला लागली. आपल्याकडचे निम्मे अनर्थ हे न बघता झाडलेल्या बाणांचे आहेत. दशरथानं अंधारात पाण्याचा आवाज ऐकला, हत्ती समजून बाण सोडला, आणि गेला श्रावणबाळ. पंडूनं रतिमग्न हरणांच्या जोडीवर बाण मारला, ते निघाले किंदम ऋषी. जरा नावाच्या व्याधाला झाडीत हरीण दिसलं, तो होता श्रीकृष्णाचा पाय. तिघेही उत्तम नेमबाज. नेम कुणाचाच चुकला नाही, चुकलं ते बघणं. मारीचाच्या बाबतीत लक्ष्मणाला एका दृष्टीत शंका आली होती, पण घरातल्या धाकट्या माणसाची चौकशी ऐकतो कोण?

आणि द्रोणाचार्यांची ती परीक्षा! शाळेत ती आम्हांला एकाग्रतेचा धडा म्हणून शिकवली. बाकीच्यांना झाड दिसलं, फांदी दिसली, भाऊ दिसले, म्हणून ते नापास. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, म्हणून तो पहिला. आता वाटतं, अर्जुन बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघत होता आणि युधिष्ठिर साध्या दुर्बिणीतून. झाडावरचा पक्षी लाकडाचा होता म्हणून ठीक. पण समोर जिवंत हरीण असेल, तर आधी झाड, फांदी आणि भाऊ दिसणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. काकांनीही त्यालाच डोंगरावर नेलं असतं.

अर्थात नुसत्या बघण्यानं माणूस साधू होतो असंही नाही. दुर्बिणी परवडू लागण्याआधी तिकडचे स्टॉकर आणि त्यांचे मदतनीस गिली पितळेच्या लांबलचक दुर्बिणी वापरायचे. त्यांची नजर इतकी तयार की १९०० साली, बोअर युद्धाच्या वेळी, लॉर्ड लोव्हॅट यांनी अशाच माणसांचं 'लोव्हॅट स्काउट्स' हे पथक उभारलं. डोंगरावर हरीण हेरणारे डोळे माणसं हेरायला लागले, आणि पहिल्या महायुद्धात त्यांतूनच निवडक नेमबाजांची तुकडी निघाली. दुर्बिणीला घोडा नसतो हे खरं, पण तो शेजारच्याच माणसाच्या हातात असतो.

शेवटी आम्ही २४० पौंडांची ८×४२ घेतली. बनावट चीनची, लेप सगळे, पाणी शिरत नाही. जावयांना ती परवडली, मला ती उत्तम वाटली, आणि ती दोन विशेषणं निदान एका खोक्यापुरती एकत्र आली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी जावई काकांबरोबर गेले. संध्याकाळी सहाला परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले आणि नेहमीपेक्षा गप्प. ही काही विचारणार नव्हती, पण चहाचं आधण ठेवताना तिनं कान मात्र इकडेच ठेवला होता.

त्यांनी सांगितलं ते असं. तीनच्या सुमाराला उतारावर एक म्हातारी हरिणी दिसली. एकटी, पाठीचा कणा वर आलेला, पुढच्या हिवाळ्यातून तगेल असं वाटत नव्हतं. प्रवाशांना तिकडे चित्रातला राजबिंडा नर बघायचा असतो. एडविन लँडसियरनं १८५१ मध्ये रंगवलेला तो 'मोनार्क ऑफ द ग्लेन', जो पुढे बिस्किटांच्या डब्यांवरून घरोघर पोचला. काका मात्र नेहमी अशीच शोधतात, म्हातारी, लंगडी, खंगलेली. सरपटत दोनशे मीटरवर गेले. वारा बरोबर, अंतर बरोबर, बंदूक तयार. काकांनी बंदुकीला हात लावला नाही. दुर्बीण डोळ्याला लावून पडून राहिले. हरिणी चरता चरता अधूनमधून मान वळवून मागच्या नेच्याच्या झुडपाकडे बघत होती. तिकडची पाडसं जूनमध्ये जन्मतात, नोव्हेंबरात ती पाच महिन्यांची असतात आणि आईवाचून हिवाळा काढणं त्यांना कठीण. झुडपात पाडस असेल, तर आईला मारून त्याला मागे ठेवायचं नाही, हा त्या धंद्यातला दंडक आहे. मारायचंच तर आधी पाडस, मग आई.

"मग? होतं का पाडस?" मी विचारलं.

"कळलं नाही. चाळीस मिनिटं आम्ही दोघं बघत होतो. मला एकदा कान हलल्यासारखा वाटला, काकांना नाही वाटला. साडेचार वाजून गेले, सूर्य गेला. कायद्यानं अजून वेळ होता, तिकडे सूर्यास्तानंतर तासाभरानं रात्र धरतात. पण काका म्हणाले, मला दिसत नाही. आणि उठून चालायला लागले."

"त्यांची दुर्बीण तर भारीतली ना?"

"दोन हजारांच्या वरची. तिच्यातूनही दिसेना."

मला आपल्या महाबळेश्वरचे दुर्बीणवाले आठवले. पॉइंटवर रांग लावायची, पैसे द्यायचे, दुर्बिणीला डोळा लावायचा. तो विचारणार, "किल्ला दिसला? बुरूज दिसला? भगवा दिसला?" आणि आपण म्हणणार, "दिसला, दिसला!" आजपर्यंत त्या रांगेतल्या एकाही माणसानं "मला फक्त धुकं दिसतंय" असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पैसे दिलेत, मागे रांग आहे, पुढच्याला दिसलं, मग मला कसं दिसत नाही? 'मला दिसत नाही' ही तीन शब्दं उच्चारायला माणसाला सगळ्यात जड जातात. आणि चाळीस वर्षं ज्याचा धंदाच बघण्याचा, तो माणूस दोन हजार पौंडांची काच डोळ्याला लावून, थंडीत चाळीस मिनिटं पडून, हेच तीन शब्द बोलतो आणि रिकाम्या हातानं घरी येतो.

तेव्हा मला त्या शेवटच्या दहा मिनिटांचा हिशेब लागला. महागडी दुर्बीण दहा मिनिटं जास्त देते हे खरं, पण ती दहा मिनिटं संपल्यावरही अकरावं मिनिट असतंच. तिथं कुठल्याच कंपनीची काच उपयोगाची नाही. तिथं जो थांबतो त्याची दुर्बीण उत्तम, मग ती कितीची का असेना. आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्या हातात संजयाची दिव्यदृष्टी दिली तरी ती स्वस्तातलीच. बरं, हे थांबणं सगळ्यांना परवडण्यासारखं आहे. त्याला पैसे पडत नाहीत, फक्त अहंकार थोडा खर्ची पडतो.

डोंगरावर निदान नियम आहे. आपल्या घरादारांत तोही नाही. आपण एकमेकांकडे बघतो ते बहुतेक वेळा बंदुकीवरच्या दुर्बिणीतूनच. नवी सून पहिल्यांदा ओटा पुसते तेव्हा सासू बघत नसते, नेम धरत असते. शेजाऱ्यानं नवी गाडी आणली की आपण गाडी बघत नाही, त्याच्या पगाराचा मर्मबिंदू शोधतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत तर सगळेच नळ्या रोखून बसलेले असतात. फोनवर कुणीतरी चार ओळी पाठवतो, आणि त्या कुणी, कुठे, कधी लिहिल्या हे बघायच्या आत आपलं बोट घोड्यावरून सुटलेलंही असतं. आपला नेम चांगला असतो, लागतोही. मागच्या झुडपात पाडस होतं का, हे बघायला मात्र कुणी चाळीस मिनिटं थांबत नाही.

हरणं मारावीत की न मारावीत, या मूळ प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही. काका पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले आणि त्या वेळी रिकाम्या हातानं आले नाहीत. झाडं वाढायला हवीत हेही खरं, आणि 'लांडगे त्यांनी मारले' हेही खरं. एवढंच म्हणू शकतो की, मारण्याचा अधिकार कुणाला द्यायचाच असेल, तर तो चाळीस मिनिटं न मारता बघू शकणाऱ्यालाच द्यावा.

दुर्बिणीचं म्हणाल, तर ती जावयांना आता क्वचितच मिळते. थंडी वाढली तशी हरणं डोंगरावरून खाली, घरामागच्या कुरणापर्यंत उतरू लागली आणि आमची ही नातवाला मांडीवर घेऊन मागच्या खिडकीशी दुर्बीण लावून बसू लागली. कुठली हरिणी लंगडते, कुणाचं पाडस कुणाचं, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळी माहिती तिला पंधरा दिवसांत झाली. एका सकाळी कुरण रिकामं दिसलं. खालचं गवत संपलं असेल, वारा फिरला असेल, असे अंदाज मी करत होतो. तेवढ्यात स्टॉकरकाका कुंपणाशी आले, हवेत दोनदा नाक ओढलं आणि सांगितलं, हरणांना एवढ्या लांबून दिसत नाही, पण वास मैलभरावरून येतो.

"काय म्हणतात ते?" हिनं विचारलं.

"म्हणतात, आज आमटीला लसणाची फोडणी जरा जास्त झाली."